सुट्टी लागली, फ्रिज उघडाच!

तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं: घरखर्च

मुलांना सुट्टी लागली की या सदराकडे पत्रांचा पाऊस पडतो हे आता मला पाठ झालंय, पण यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकच गोष्ट विचारतायत, की जेवण तर तेच आहे, माणसं तीच आहेत, मग किराण्याचं बिल एवढं फुगतं कसं? सगळी छापणं शक्य नाही, काही पत्रं कापलीत, दोन सारखी होती ती एकत्र केलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही चौघं, मुलगी दहाची, मुलगा चौदाचा, आम्ही दोघं नोकरीवर. शाळा चालू असताना किराणा, दूध, भाजी, फळं सगळं मिळून आठवड्याला जे लागतं ते १०० धरा, तर सुट्टी लागल्यापासून आकडा दीडशेच्या खाली यायलाच तयार नाही. एरवी मुलं दुपारी शाळेत जेवतात, आता घरी जेवतात, तेवढ्यानं एवढा फरक पडतो का? नवरा म्हणतो महागाई, सासूबाई फोनवर म्हणतात तुला हिशेब ठेवता येत नाही. आठवड्याचा एक स्वस्तातला मेनू करून द्या प्लीज. – वैतागलेली आई

उत्तर: मेनूचं नंतर बघू, आधी बेरीज करू, कारण तुमच्या पत्रातच उत्तर लपलंय.

चार माणसं, दिवसाला तीन जेवणं (नाश्ता धरून), सात दिवस, म्हणजे ८४ ताटं. शाळा असताना सोमवार ते शुक्रवार दुपारी चौघंही बाहेर जेवत असाल तर त्यातली २० ताटं वजा, उरली ६४. सुट्टीत दोन मुलांची १० ताटं घरी परत आली, झाली ७४. चौसष्टावर दहा म्हणजे साधारण सोळा टक्के वाढ, आणि तुम्ही दोघं घरूनच डबा नेत असाल तर चौऱ्याहत्तरावर दहा, म्हणजे टक्का त्याहूनही कमी. तेव्हा १०० चे फार तर ११६ व्हायला हवेत. तुम्ही सांगताय दीडशे. मग वरचे ३४ कुठे गेले? महागाईवर ढकलायचं तर ती नेमकी शाळेला सुट्टी लागली त्याच सोमवारी आली असं म्हणावं लागेल, आणि सासूबाईंचं म्हणाल तर हिशेब न ठेवणाऱ्या बाईला १०० आणि १५० मधला फरक कळलाच नसता, हे त्यांना माझ्या नावानं सांगा.

आता एक काम करा. गेल्या दोन आठवड्यांची बिलं गोळा करा, पिशवीच्या तळाशी चुरगळलेली, दुधाच्या पाकिटानं ओली झालेली, मोबाइलवर आलेली, सगळी. दोन पेनं घ्या. जे ताटात गेलं त्याला निळी खूण, जे दोन जेवणांच्या मधे तोंडात गेलं त्याला लाल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझी मुलं तुमच्या मुलांएवढीच होती आणि मला खात्री होती की खर्च मांसमच्छी आणि तेलाचा आहे. निघालं भलतंच. निळ्या खुणा शाळेच्या दिवसांत होत्या तेवढ्याच, एखाददुसरी जास्त, आणि लाल खुणांनी मात्र पानं भरली होती, बिस्किटं, ज्यूस, चिप्स, आइस्क्रीम, आणि त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा आणलेला ब्रेड. दुसरी गोष्ट मी मोजणारच नव्हते, सहज मोजली, ती म्हणजे बिलांची संख्या. शाळा असताना दोन आठवड्यांत चार फेऱ्या व्हायच्या, सुट्टीत नऊ झाल्या होत्या. फेरी दुधासाठी असायची आणि पिशवीत दूध असायचंच, पण सोबत चार वस्तू असायच्या ज्या कुणाच्याच यादीत नव्हत्या.

थोडक्यात काय, की सुट्टीत जेवणं फारशी वाढत नाहीत, खाण्याच्या वेळा वाढतात. शाळेत घंटा असते हो, मधली सुट्टी झाली की खायचं आणि संपली की डबा बंद. घरी घंटा नाही. मूल कंटाळलं की फ्रिजचं दार उघडतं, थंड हवा खात दोन मिनिटं आत बघतं, काही नाही म्हणून बंद करतं आणि दहा मिनिटांनी परत उघडतं, जणू मधल्या वेळात कुणी आत काहीतरी ठेवून गेलंय. त्याला भूक लागलीय का कंटाळा आलाय हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून जेवणाचा मेनू कितीही काटकसरीचा केलात तरी बिल हलणार नाही, कारण गळती ताटात नाहीच.

मग करायचं काय, तर मधल्या खाण्याला हिशेबात घ्यायचं. चोरून खाल्लं जाणारं खाणं महाग पडतं, ठरवून केलेलं स्वस्त पडतं. सकाळी अकरा आणि दुपारी चार अशा दोन वेळा पक्क्या करा आणि त्या वेळांचं खाणं जेवणाइतकंच यादीत लिहा. फ्रिजचा मुलांच्या हाताला येणारा एक कप्पा फक्त त्यासाठी, त्यात उकडलेली अंडी (सालासकट ठेवलीत तर आठवडाभर राहतात), दही, कापलेली गाजरं-काकड्या, उकडलेले बटाटे, आणि ओट्यावर केळी. मक्याचे सुटे दाणे आणून घरी लाह्या फोडल्या तर तयार पाकिटांच्या मानानं काहीच खर्च येत नाही. कप्प्यातलं त्या दिवशी संपलं तर संपलं, मुलांना आधीच सांगून ठेवायचं. पहिले तीन दिवस कटकट होते. चौथ्या दिवशी ती आपसात वाटणी करायला लागतात, आणि त्या वाटणीत जी भांडणं होतात त्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

आइस्क्रीम बंद करा असं मी म्हणत नाहीये. सुट्टी आहे, त्यांनाही कळू दे की सुट्टी आहे. फक्त ते शनिवारी आणा, रोज नको.

प्रश्न: ताई, राग मानू नका पण तुमचा सल्ला फसला. गेल्या महिन्यात तुम्ही लिहिलं होतं की सातही दिवसांचा मेनू लिहा, फ्रिजवर चिकटवा आणि त्याप्रमाणे एकदाच खरेदी करा. सगळं केलं. मेनू मंगळवारपर्यंत टिकला. बुधवारी मुलं मित्राकडे जेवली, गुरुवारी मला उशीर झाला म्हणून बाहेरून मागवलं, आणि शनिवारी ड्रॉवर उघडला तर पालेभाजीचं पाणी झालेलं. उलट खर्च वाढला. – नियम पाळणारा बाबा

उत्तर: राग कसला, चूक माझीच. सात दिवसांचा पक्का मेनू शाळेच्या दिवसांत चालतो कारण तेव्हा दिवस पक्के असतात, सुट्टीत दिवसच पक्के नसतात तर मेनू कुठून टिकणार, हे मला लिहिताना सुचायला हवं होतं.

बदल असा करा. रात्रीची जेवणं सात, त्यातली फक्त चार ठरवा. दोन रात्री उरलंसुरलं संपवायच्या, आणि एक मोकळी सोडा, तिचं काय व्हायचं ते होईल. त्या चारांनाही वार लावू नका, नुसती चार नावं लिहा आणि झालं की काट मारा. मित्राकडे जेवायला गेली मुलं तर काही बिघडत नाही, ते नाव उद्यावर जातं. फक्त क्रम ठेवा तो भाजीच्या आयुष्याप्रमाणे. पालेभाजी, मशरूम, ताजे मासे असं नाजूक सामान खरेदीच्या पहिल्या दोन दिवसांत, मग फ्लॉवर, शेंगा, टोमॅटो, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, बटाटे, कांदे, डाळी, अंडी. शेवटचा जेवणाचा बेत नेहमी असा असावा की तो चार दिवस पुढे ढकलला तरी काही सडत नाही.

एक मोठं पातेलं कडधान्याचं आठवड्यातून एकदा शिजवा, एक दिवस जेवणात, दुसऱ्या दिवशी भातावर किंवा सॅलडमध्ये, उरलेलं फ्रीझरमध्ये. सुकं कडधान्य भिजून-शिजून वजनानं दुपटीच्या वर जातं, डब्यातलं तयार विकत घेण्यापेक्षा बरंच स्वस्त. पण राजमा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं आणि नवीन पाण्यात किमान दहा मिनिटं खळाखळा उकळायचा, मगच मंद आचेवर. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या सुरू होऊ शकतात, आणि नुसत्या मंद आचेच्या भांड्यात टाकून बाहेर गेलात तर ते विष मरत नाही. सुट्टीत पोरं स्वयंपाकघरात प्रयोग करतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

सामान ठेवण्याचं पटकन सांगते. ब्रेड फ्रिजमध्ये लवकर शिळा आणि कडक होतो, दोन दिवसांपुरता बाहेर आणि बाकीचा फ्रीझरमध्ये, स्लाइस काढून थेट भाजता येतात. बटाटे अंधारात, कांद्यांपासून लांब. केळी आणि सफरचंदं भाजीच्या ड्रॉवरमध्ये नकोत, त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते. तुमच्या पालेभाजीचं पाणी झालं त्यात सफरचंदांचा हात असेल तर बघा एकदा.

आणि फेकलेल्या भाजीचं एवढं मनाला लावून घेऊ नका, सगळं जग तेच करतंय. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के हॉटेलांत किंवा दुकानांत नाही, घराघरांत. माणशी वर्षाला ७९ किलो. सालं, बिया, हाडं धरून आहे हा आकडा, तरी चौघांच्या घराचा हिशेब केला तर आठवड्याला सहा किलो होतात. सहा किलो तुम्ही दुकानातून हातानं उचलून आणता, बोटांना पिशवीचे वळ उठतात, आणि मग तेच कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकता.

प्रश्न: माझा मुलगा सोळाचा आहे. रात्री साडेअकराला उठून पातेल्यातलं उद्याचं जेवण संपवतो. ओरडावं का? – थकलेली

उत्तर: ओरडू नका, वाढीचं वय आहे, खरंच भूक लागते त्यांना. पण उद्याचं जेवण संपवणाऱ्यानं उद्याचं जेवण करायचं असा नियम करता येतो. आठवड्यातली एक रात्र त्याच्याकडे द्या, पैसे द्या, यादी त्यानं करायची, दुकानात त्यानं जायचं, स्वयंपाक त्याचा, आणि उरलेले पैसे पण त्याचे. या शेवटच्या अटीनं पोरगं कांद्याचा भाव बघायला शिकतं. माझ्याकडच्यानं पहिल्या आठवड्यात चौघांना नुसती अंडी आणि ब्रेड घालून भरपूर पैसे वाचवले होते, दुसऱ्या आठवड्यापासून बहिणीनं बंड केलं तेव्हा त्याचा मेनू सुधारला.

प्रश्न: ताई, पुढच्या आठवड्यात बहीण, मेव्हणे आणि त्यांची मुलं पाच दिवस येतायत, आम्ही धरून घरात आठ जण होणार. मी दर वेळी घाबरून ट्रॉली भरून सामान आणते, एकावर एक फ्री दिसलं की घेते, दर वेळी भाताचं पातेलं अर्धं उरतं आणि पाहुणे गेल्यावर पंधरा दिवस आम्ही त्यांचंच सामान संपवत बसतो. किती आणायचं हे कळतच नाही. – यजमानीण

उत्तर: भातापासूनच सुरू करू. जेवणात भाताबरोबर आणखी काही असेल तर मोठ्या माणसाला ७५ ग्रॅमच्या आसपास कच्चा तांदूळ पुरतो, लहान मुलाला त्याच्या निम्मा ते पाऊण. समजा तुमच्या आठांत चार मुलं आहेत, तर एका वेळेला साधारण अर्धा किलो पुरायला हवा. वाटीनं मोजत असाल तर एका वाटीचा भात साधारण तीन वाट्या होतो. आपण पाहुणे आले की डोळ्यानं मोजतो आणि मनात भीती असते की कमी पडला तर काय म्हणतील, त्या भीतीचा भात नेहमी दोन वाट्या जास्त होतो. कमी पडलाच तर वीस मिनिटांत दुसरा होतो की, बहीणच आहे, थांबेल.

उरलेल्या भाताचं मात्र मनावर घ्या, कारण पाहुण्यांच्या गप्पांत तो ओट्यावर तसाच राहतो. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात जे परत गरम करूनही जात नाही. म्हणजे सकाळी कडकडीत गरम केला की झालं, असं नाही. जेवणं आटपली की पसरट डब्यात काढून लवकर गार करा, कुठलंही शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, उकाडा फार असेल तर तासाभरात, आणि भात दुसऱ्या दिवशी संपवून टाका. फ्रिज चार अंशांवर किंवा त्याखाली आहे ना तेही बघा, आठ माणसं दिवसभर दार उघडतात तेव्हा आतलं तापमान चढतं.

आता ट्रॉली. ही चाकाची ट्रॉली मुळात १९३७ साली अमेरिकेत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं आणली, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणजे टोपलीचं ओझं हा तुमचा ब्रेक होता आणि तो त्यानं काढून घेतला, हुशार माणूस. पाच दिवसांसाठी आठ जणांचं सामान टोपलीत मावणार नाही हे मान्य, पण दोन खेपा करा, एक आधी कोरड्या सामानाची, एक तिसऱ्या दिवशी ताज्या सामानाची, तोपर्यंत कोण काय खातंय आणि कोण डाएटवर आहे ते कळलेलं असतं. (एक तरी डाएटवर निघतोच.)

एकावर एक फ्रीचं म्हणाल तर एकच कसोटी, हे एरवी दोन घेतलं असतं का? तांदूळ, तेल, साबण असेल तर जरूर घ्या. दह्याचे दोन मोठे डबे असतील आणि तारीख परवाची असेल तर नको. पाकिटाचा भाव बघू नका, किलोचा भाव बघा, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतंच असं नाही, आणि हल्ली भाव तोच ठेवून आतले ग्रॅम कमी करण्याची पद्धत पडलीय, तेव्हा वजन वाचा, बारीक अक्षरात असतं म्हणून चष्मा न्या.

आणि बहिणीला सरळ विचारा की मुलं काय खातात. पाहुण्यांना विचारायचं कसं म्हणून आपण अंदाजानं सगळंच आणतो आणि ती पोरं शेवटी दहीभातच मागतात.

प्रश्न: उत्पन्नाच्या किती टक्के रक्कम खाण्यावर जावी? एक आकडा सांगा. – हिशेबी

उत्तर: एक आकडा नाहीच. अर्न्स्ट एंगल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं की कमाई कमी असलेल्या घरात खाण्याचा वाटा मोठा असतो आणि कमाई वाढली की तो वाटा घटतो, जरी खाण्यावरची रक्कम वाढली तरी. त्यामुळे शेजाऱ्यांचा टक्का तुमच्या काही कामाचा नाही. तुमच्याच घराची तुलना तुमच्याच घराशी करा, शाळेचे चार आठवडे आणि सुट्टीचे चार आठवडे, आणि सुट्टीचं जास्तीचं जे निघेल ते वर्षभरात थोडं थोडं बाजूला टाका. सुट्टी दर वर्षी येते, ती काही अचानक आलेलं आजारपण नाही.

प्रश्न: ताई मी अकरा वर्षांची आहे. आईनं तुमचं वाचून मागच्या सुट्टीत पण फ्रिजवर टाइमटेबल लावलं होतं आणि आता पण लावलंय. अकरा वाजता खायचं, मग दीड वाजता जेवण, मग चार. पण मला साडेबाराला भूक लागते आणि आई म्हणते थांब. दादाला लागत नाही. काय करू?

उत्तर: अगं मग साडेबाराला जेव की! आईला हे पान दाखव आणि सांग, ताईनं म्हटलंय की दुपारचं जेवण एक तास अलीकडे आणा, दादाचं ताट झाकून ठेवा. पण एक अट आहे, साडेबाराला ताटं तू घ्यायची, वाढायचं तू, आणि चार वाजता परत भूक लागली तर कप्प्यात दादाचं केळं असेल, त्याला हात लावायचा नाही.